वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश आणि इटालियन आडनावं

प्रश्न : स्पॅनिश माणसाच्या नावाच्या शेवटी दोन आडनावं असतात. त्यातलं मुख्य कोणतं? आमच्या वाचनालयात गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची पुस्तकं 'म' अक्षराखाली लावली आहेत. ते बरोबर आहे का? (ग्रंथपाल, कोल्हापूर)

उत्तर : ती 'ग'खाली लावायला हवीत. स्पॅनिश पद्धतीत नावानंतर आधी वडिलांचं पहिलं आडनाव येतं आणि मग आईचं पहिलं. गार्सिया हे वडिलांकडचं, मार्केझ हे आईकडचं. मार्केझ तेवढं घेतलं तर लेखकाचा उल्लेख आईच्या माहेरच्या आडनावाने होतो. स्पॅनिश ग्रंथालयांत यादी पहिल्या आडनावावरून लागते.

घोटाळा होतो तो प्रसिद्ध माणसांमुळे. पहिलं आडनाव फार सर्रास असलं, की लोक दुसऱ्यानेच ओळखू लागतात. पाब्लो रुईझ पिकासोच्या वडिलांचं आडनाव रुईझ, आईचं पिकासो. कवी गार्सिया लोर्काचं तेच, स्पेनचे माजी पंतप्रधान रोद्रिगेझ सापातेरोंचंही तेच. हाक पिकासो अशी असली तरी कागदावर तो रुईझच.

'य' हा जोडशब्द आला तर आणखी जपा. तो म्हणजे आपलं 'आणि'. १९०६चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले सान्तियागो रामोन य काहाल यांचं 'रामोन' हे मधलं नाव समजून कार्ड 'काहाल'खाली केलेलं दिसतं. पण रामोन हेच त्यांच्या वडिलांचं आडनाव, म्हणून ते 'र'खाली.

ही शिस्त स्पेनमध्ये १८७०च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर पक्की झाली. त्याआधी घरातलं कोणतंही आडनाव उचलता येई. चित्रकार दिएगो वेलास्केझच्या वडिलांचं आडनाव रोद्रिगेझ दे सिल्वा होतं, वेलास्केझ आईचं. कवी गोंगोरानेही आईचंच लावलं. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सख्ख्या भावांची आडनावं वेगळी दिसली तर ते सावत्र असतील, अशी शंका घेऊ नका.

१९९९पासून आईबापांनी एकमताने ठरवलं तर आईचं आडनाव आधी लावता येतं. २०१७पासून वडिलांच्या आडनावाला आपोआप मिळणारा मानही गेला. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, म्हणून नवरा-बायको आणि मुलं यांची आडनावं तीन तऱ्हेची दिसतात. पोर्तुगीज क्रम मात्र उलटा आहे. आईचं आधी, वडिलांचं शेवटी. कवी फेर्नांदो नोगेइरा पेसोआ यांच्या वडिलांचं आडनाव पेसोआ, म्हणून ते 'प'खाली. स्पॅनिश आणि पोर्तुगीज पुस्तकांना एकच नियम लावला तर अर्धी कपाटं चुकतील.

इटलीत परंपरेने एकच आडनाव, वडिलांचं. तिथल्या घटना न्यायालयाने २०२२मध्ये निकाल दिला, की आईबापांनी वेगळं ठरवलं नाही तर मुलाला दोघांचंही आडनाव लागेल.

प्रश्न : रोद्रिगेझ, फेर्नांदेझ, लोपेझ, सांचेझ या सगळ्यांच्या शेवटी 'एझ' का असतं? (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : 'एझ' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. रोद्रिगोचा रोद्रिगेझ, फेर्नांदोचा फेर्नांदेझ, लोपेचा लोपेझ, सांचोचा सांचेझ, गोन्सालोचा गोन्सालेझ, मार्तिनचा मार्तिनेझ, पेरोचा पेरेझ, आल्वारोचा आल्वारेझ. काही ठिकाणी मूळ नाव झिजून गेलंय आणि पटकन ओळखू येत नाही. दिएगोचा झाला दिआझ. रोद्रिगोचं लाडकं नाव रुय, त्याचा रुईझ. मुन्योचा मुन्योझ, नुन्योचा नुन्येझ, सुएरोचा सुआरेझ.

मध्ययुगात हे खऱ्या अर्थाने वडिलांचं नाव होतं आणि दर पिढीला बदलत असे. १०९९ साली वारलेला स्पेनचा प्रसिद्ध योद्धा एल सिद याचं नाव रोद्रिगो दिआझ, कारण वडील दिएगो. वडिलांचं नाव दिएगो लाईनेझ, कारण आजोबा लाईन. आजोबांचं लाईन नुन्येझ. तीन पिढ्या आणि तीन वेगळी 'आडनावं'. ही नावं पुढे सावकाश गोठली. म्हणून आजच्या दोन रोद्रिगेझ घराण्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. जितके रोद्रिगो, तितकी मुळं.

शेवटचा 'झ' पाहून फसू नका. हेरेझ, बादाहोझ, ओर्गाझ ही गावांची नावं आहेत. आणि मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसचं आडनाव कुणाच्या मुलावरून आलेलं नाही. कोर्तेस म्हणजे सभ्य, अदबशीर.

स्पेनमध्ये सर्वात जास्त आढळणारं आडनाव गार्सिया. ते 'एझ'वाल्यांतलं नाही. मध्ययुगात उत्तर स्पेनमधल्या नव्हारेकडे जोरात असलेलं हे व्यक्तिनाव जसंच्या तसं आडनाव झालं. काही अभ्यासक त्याचं मूळ बास्क भाषेतल्या 'तरुण' या शब्दात पाहतात, काही 'अस्वल' या शब्दात. स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनियात 'एझ' मुळातलं नाही. तिथे फेर्रेर (लोहार), पुच (टेकडी), पुजोल (छोटी टेकडी) अशी नावं दिसतात. टेनिसपटू रफाएल नदाल माल्योर्का बेटावरचा, तिथेही कातालान बोलतात. नदाल म्हणजे ख्रिसमस. त्या दिवसांत जन्मलेल्या मुलाला हे नाव देत. आपला 'नाताळ' पोर्तुगीजमधून आला, पण मूळ लॅटिन शब्द दोघांचा एकच.

प्रश्न : आम्ही वसईचे. आमच्या गावात तुस्कानो, लोपीस, परेरा, गोन्सालवीस अशी आडनावं आहेत. तुस्कानो म्हणजे इटलीच्या टस्कनीतला, मग आमचे पूर्वज इटालियन होते का? आणि झाडाचं नाव असलेली आडनावं मूळच्या ज्यूंची, असं वाचलं. ते खरं का? (वाचक, वसई)

उत्तर : तुस्कानोचा अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. वसई १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्मा घेणाऱ्या स्थानिक कुटुंबांना पोर्तुगीज आडनावं मिळाली. बहुतेकदा ती बाप्तिस्म्याच्या वेळी उभ्या राहिलेल्या धर्मपित्याची किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीची असत. गोव्यातही हेच झालं. म्हणून एका वाड्यात सगळे परेरा आणि शेजारच्या वाड्यात सगळे लोबो सापडतात. आडनाव सांगतं ते चर्चच्या वहीत कुणाचं नाव चढलं ते. रक्ताचं नातं त्यावरून सिद्ध होत नाही.

याचं टोकाचं उदाहरण फिलिपिन्समध्ये आहे. तिथले स्पॅनिश गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया यांनी १८४९मध्ये फर्मान काढलं, की ज्या कुटुंबांना पक्कं आडनाव नाही त्यांनी सरकारी यादीतून एक घ्यावं. यादी वर्णानुक्रमे लावलेली होती. प्रांतांतून गावांना तिची पानं वाटली गेली आणि गावंच्या गावं एकाच अक्षराची झाली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावातली आडनावं अजूनही 'र'ने सुरू होणारी. तिथल्या रोद्रिगेझचा स्पेनशी संबंध तेवढ्या कागदापुरता.

झाडांबद्दल. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, कार्व्हालो ओक, ऑलिव्हेरा ऑलिव्हचं झाड. ही नावं मुळात जागांची. ज्या वस्तीत किंवा शेतात ती झाडं होती, तिथले ते लोक, आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखे. सक्तीने धर्म बदललेल्या ज्यूंनीही ती घेतली, पण पिढ्यान्पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांत ती त्याआधीपासून होती. नुसत्या झाडावरून ज्यू मूळ ठरवणं निराधार आहे.

गोव्यात खरोखर स्पेनमधून आलेली आडनावंही आहेत. नोरोन्या हे स्पेनच्या आस्तुरियास भागातल्या नोरेन्या गावाचं नाव. चौदाव्या शतकात कास्तीलच्या राजाचा अनौरस मुलगा तिथला काउंट होता. त्याने पोर्तुगीज राजकन्येशी लग्न केलं आणि त्यांच्या मुलांनी पोर्तुगालमध्ये नोरोन्या लावलं. मेनेझिसचं मूळ गाव मेनेसेस, तेही स्पेनमधल्या पालेन्सियाकडचं. ही आडनावं आधी पोर्तुगीज झाली आणि मग जहाजाने गोव्यात उतरली.

फर्नांडिसच्या शेवटी 'एस' लिहिला तर पोर्तुगीज आणि 'झेड' लिहिला तर स्पॅनिश, हा नियम आजच्या युरोपात चालतो. भारतात चालत नाही. जुन्या पोर्तुगीज लेखनातही 'झेड' सर्रास येई.

प्रश्न : सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं 'झेवियर' हे आडनाव की पदवी? (डोंबिवली)

उत्तर : ते घराचं नाव आहे. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेर्री' म्हणजे नवं. 'नवं घर' याचीच एचेवेर्रिया, चावार्री, हाविएर आणि शाव्हिएर अशी रूपं झाली. नव्हारेतला हाविएरचा किल्ला फ्रान्सिसच्या आईच्या घराण्याचा. १५०६मध्ये त्यांचा जन्म तिथलाच. वडील हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिलकुएता. बास्क मुलखात माणूस घरावरून ओळखला जाई, म्हणून ना वडिलांचं ना आईचं, घराचं नाव चिकटलं. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचं लोयोलाही तसंच. दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यनायक सिमोन बोलिव्हार याचं आडनावही बास्कच. बोलू म्हणजे गिरणी, इबार म्हणजे नदीकाठचा सखल भाग.

प्रश्न : ही नावं देवनागरीत कशी लिहावीत? (मुद्रितशोधक, पुणे)

उत्तर : स्पॅनिश 'झेड'चा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागात 'थ'जवळ जातो, लॅटिन अमेरिकेत तो सरळ 'स' असतो. 'झ' कुठेच नाही. या सदरात आम्ही 'झ' ठेवलाय तो मराठी छपाईतल्या सवयीमुळे, आणि पोर्तुगीज 'एस'पासून वेगळा दिसावा म्हणून. 'जे' हा 'ह' आणि 'ख' यांच्या मधला, म्हणून हिमेनेझ. 'जिमेनेझ' नको. डोक्यावर लाट असलेला 'एन' म्हणजे 'न्य'. जोड 'एल' बहुतेक ठिकाणी 'य', म्हणून कास्तीयो.

इटालियनमध्ये 'सी'नंतर 'ई' किंवा 'आय' आला तर 'च' (मेदिची), पण मध्ये 'एच' घुसला तर 'क'. 'जीएन' म्हणजे 'न्य', 'जीएलआय' म्हणजे 'ल्यि'. जोडाक्षर दाबून म्हणतात, म्हणून रोस्सी आणि रुस्सो. अशी नावं छापताना 'स' एकेरी करू नका.

प्रश्न : आडनावावरून इटालियन माणूस कोणत्या भागातला ते कळतं का? (सांगली)

उत्तर : बऱ्यापैकी कळतं, इटलीतली ही सर्वात सुंदर गोष्ट. 'लाल' याच अर्थाची आडनावं पाहा. लाल केसांच्या किंवा लालसर वर्णाच्या पूर्वजावरून उत्तर आणि मध्य इटलीत रोस्सी झालं, दक्षिणेत रुस्सो, सार्डिनिया बेटावर रुईऊ. लोहाराची तऱ्हा तशीच. उत्तरेत फेरारी, पिडमाँटमध्ये फेरेरो, दक्षिणेत फेरारो, टस्कनी-एमिलियाकडे फाब्री. चॉकलेटवाले फेरेरो आणि मोटारवाले फेरारी हे दोघेही आडनावाने लोहार.

शेवटचा 'ई' बहुधा अनेकवचनाचा, म्हणजे 'रोस्सी मंडळी'. काही नावांत तो लॅटिन षष्ठीचा, 'मार्तिनोचा' म्हणून मार्तिनी. व्हेनेतोत, म्हणजे व्हेनिसच्या आसपासच्या भागात, मात्र शेवटचा स्वर गळतो आणि 'न' उरतो. बेनेत्तोन, ट्रेव्हिजान (त्रेव्हिजोचा), व्हिझेन्तिन (व्हिचेन्झाचा), फुरलान (फ्रिउलीचा). सार्डिनियात 'उ' आणि 'स' अशी अखेर दिसते, उदाहरणार्थ पिरास आणि मेलिस. सिसिली आणि कालाब्रियात शेवटच्या 'आ'वर जोर आला तर अरबी किंवा ग्रीक मूळ शोधा. वादाला हे अब्दुल्लाचं रूप. मोराबितो अरबीतल्या फकिराच्या शब्दावरून आलंय.

'दि' म्हणजे 'अमक्याचा', दि स्तेफानो म्हणजे स्तेफानोचा. अशी नावं मध्य आणि दक्षिण इटलीत जास्त. 'दा' मात्र गावाचा. लिओनार्दो दा विंचीला आडनाव नव्हतं, तो विंची गावचा लिओनार्दो. त्याला नुसतं 'दा विंची' म्हणणं, किंवा सूचीत 'व' खाली टाकणं चुकीचं. तो 'ल' खालीच.

एक मर्यादा लक्षात ठेवा. विसाव्या शतकात दक्षिणेतली लाखो माणसं मिलान-तुरीनकडे कामाला गेली. आडनाव मूळ भाग सांगतं, आजचा पत्ता नाही.

प्रश्न : एस्पोसितो म्हणजे 'टाकलेलं मूल' असं ऐकलं. हे खरं आहे का? असं आडनाव कोण लावेल? (औरंगाबाद)

उत्तर : खरं आहे. शब्दशः अर्थ 'बाहेर ठेवलेला'. नेपल्समधल्या आनुन्झियाता संस्थेच्या भिंतीत लाकडी फिरतं पिंप होतं. बाहेरून मूल त्यात ठेवायचं आणि पिंप फिरवायचं. आतली बाई मूल उचलून घेई. आणणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नसे. वहीत तारीख, अंदाजे वय, अंगावरचे कपडे आणि गळ्यात बांधलेली खूण टिपली जाई. ती खूण कधी अर्धं नाणं, कधी कापडाचा तुकडा, म्हणजे पुढे कुणी न्यायला आलं तर ओळख पटावी. आडनावाच्या जागी एस्पोसितो. नेपल्सचा राजा जोआखिम मुरात याच्या राजवटीत (१८०८–१८१५) हे आडनाव देणं बंद केलं, कारण मूल आयुष्यभर तो शिक्का घेऊन फिरे. नंतर प्रत्येक मुलाला वेगळं आडनाव तयार करून देत. ते पिंप १८७५मध्ये बंद झालं.

दर शहराची रीत निराळी होती. फ्लोरेन्सच्या इन्नोचेन्ती अनाथालयात पहिलं मूल १४४५मध्ये आलं, तिथून इन्नोचेन्ती आणि नोचेन्तिनी ही आडनावं निघाली. रोमकडे प्रोयेत्ती. मिलानच्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबुतर, म्हणून तिथल्या मुलांना १८२५पर्यंत कोलोंबो आडनाव मिळे. पण म्हणून प्रत्येक कोलोंबो अनाथ मुलाचा वंशज नाही. कोलोंबो हे व्यक्तिनावही होतं आणि कबुतरं पाळणाऱ्याचं टोपणनावही. जेनोआच्या क्रिस्तोफोरो कोलोंबोचा, म्हणजे कोलंबसचा, मिलानच्या इस्पितळाशी काही संबंध नाही.

काही घरांनी स्पोसितो, एस्पोस्ती असे फेरफार केले. बाकीच्यांनी तेच ठेवलं आणि आज ते इटलीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. ते लावण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि वाटूही नये.

प्रश्न : मुलगा शिकायला तुरीनला चाललाय. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे. तिथल्या फॉर्मवर नाव कसं भरावं? (ठाणे)

उत्तर : पासपोर्टवर आडनाव आणि नाव यांच्या ज्या दोन ओळी आहेत, त्या जशाच्या तशा सगळीकडे उतरवा. विद्यापीठ, व्हिसा, राहण्याचा परवाना, बँक, सगळीकडे. यात कसूर झाली तर पहिली गडबड होते ती कर-संकेतांकात, 'कोदिचे फिस्काले'त. हा १६ अक्षर-अंकांचा संकेतांक नावावरूनच बनतो. पहिली तीन अक्षरं आडनावातल्या व्यंजनांची, पुढची तीन नावातल्या व्यंजनांची, मग जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, दिवसाचे दोन अंक (मुलींच्या बाबतीत त्यात ४० मिळवतात), भारतात जन्मलेल्यांसाठी 'झेड २२२' आणि शेवटी एक तपासणी-अक्षर.

समजा आडनाव पाटील आणि नाव सुनील. आडनावाचे पी-टी-एल, नावाचे एस-एन-एल. आता पासपोर्टवर नावाच्या ओळीत 'सुनील वसंत' आहे. नावात चार किंवा जास्त व्यंजनं झाली, की पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. मग एस-एल-व्ही होतं. विद्यापीठाने 'सुनील' धरलं आणि कर-कार्यालयाने 'सुनील वसंत', तर एकाच मुलाचे दोन संकेतांक तयार होतात. मग बँक आणि आरोग्य कार्ड दोन्ही अडतात. आडनावात व्यंजनं कमी पडली तर स्वर घेतात, म्हणून काळेचं के-एल-ए. चूक दिसली तर पासपोर्ट घेऊन कर-कार्यालयात जाऊन तिथेच दुरुस्त करून घ्या. पुढची सगळी कागदपत्रं त्यावरच बेतलेली असतात.

स्पेनला कुणी जाणार असेल तर तिथल्या फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने असतात. पाटील पहिल्या रकान्यात लिहा, दुसरा मोकळा ठेवा. दुसरा मोकळा दिसतो म्हणून वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात टाकून पाटील दुसऱ्यात सरकवलं, तर मुलगा श्री. वसंत होऊन बसतो. पुढे स्पॅनिश नागरिकत्व घेताना आईचं माहेरचं आडनाव लागतं. आपल्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं आडनाव असलं तर 'पाटील पाटील' अशी नोंद होण्याची पाळी येते. आईच्या लग्नाआधीच्या आडनावाचा दाखला आधीच काढून ठेवा.

प्रश्न : माझे पती अर्जेंटिनाचे, त्यांचे पणजोबा इटलीहून आले. त्यांची नोंद कशी शोधू? (नागपूरची वाचक, सध्या ब्युनोस आयर्स)

उत्तर : आधी नगरपालिका शोधा, प्रांत नव्हे. 'कालाब्रियाचे' एवढ्याने काही होत नाही. पणजोबांचं अर्जेंटिनातलं लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी काढा, गावाचं नाव बहुधा तिथे मिळतं. मग इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आन्तेनाती' संकेतस्थळ उघडा. तिथे वह्यांची चित्रं फुकट पाहता येतात. अभिलेखागार, गाव, वर्ष या क्रमाने जा. जन्माच्या वहीच्या शेवटी आडनावांची सूची असते, पानापानाने वाचत बसू नका.

वाचताना दोन शब्द जपा. 'दि जुझेप्पे' म्हणजे वडील जुझेप्पे हयात. 'फू जुझेप्पे' म्हणजे कै. जुझेप्पेचा. दोन्हींत जुझेप्पे हे आडनाव नाही, पण दूरच्या कारकुनांनी ते आडनाव समजून नोंदलेलं सापडतं. 'एन. एन.' म्हणजे वडील अज्ञात. 'फू' पहिल्यांदा दिसलेल्या वर्षामागे गेलात, तर वडिलांच्या मृत्यूची नोंदही सापडते.

दक्षिणेत असाल तर लग्नाला जोडलेली कागदपत्रं, 'प्रोचेसेत्ती', नक्की उघडा. त्यात वधूवरांच्या जन्माचे उतारे असतात. वडील वारलेले असतील तर त्यांच्या मृत्यूचा उतारा आणि कित्येकदा आजोबांच्याही मृत्यूचा. एका गठ्ठ्यात तीन पिढ्या मिळतात.

नागरी नोंदी नेपल्सच्या राज्यात १८०९पासून, सिसिलीत १८२०पासून, एकत्र इटलीत १८६६पासून सुरू झाल्या. त्याआधी चर्च. १५६३मध्ये त्रेंतच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या सक्तीच्या केल्या. पणजोबा लोम्बार्दी किंवा व्हेनेतो भागातले असतील, तर ऑस्ट्रियाच्या राजवटीत, १८१६पासून, नागरी नोंदीही पाद्रीच ठेवत. त्या वर्षांची वही आन्तेनातीवर दिसली नाही म्हणून ती हरवली असं समजू नका. पॅरिश चर्चला आणि बिशपच्या अभिलेखागाराला पत्र लिहा. पत्र इटालियनमध्ये आणि मोजक्या शब्दांत असू द्या. आडनावाची सगळी रूपं (दे लुका, देलुका, दि लुका), पूर्ण नाव आणि जन्मवर्षाच्या पाच वर्षं मागे-पुढे असा पल्ला त्यात द्या.